बाबागाडीची घडी

माझ्या मुलीचे दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले होते. तळवे एकमेकांकडे बघत होते, नमस्कार केल्यासारखे. बाळंतपण साताऱ्यात झालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला जवळ बसवून सांगितलं की हे बरं होतं, फक्त लवकर सुरू करायला हवं. दर आठवड्याला पाय हातानं थोडे सरळ करायचे, प्लास्टर घालायचं, पुढच्या आठवड्याला ते काढून पुन्हा नवं. या कामात हात बसलेले एक डॉक्टर सांगलीत होते. त्यांच्या नावानं बाईंनी चिठ्ठी दिली.

आमचं गाव साताऱ्याजवळ, कोरेगावच्या बाजूला. नवरा फौजेत, तेव्हा लांब उत्तरेला होता. बाळाला बघायला आला आणि पहिलं प्लास्टर पडायच्या आतच रजा संपली म्हणून परत गेला. माझं माहेर सांगलीतच, विश्रामबागला. पण भाऊ-वहिनी दोघंही नोकरीला, दिवसभर घराला कुलूप. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, एसटी लागते. कराड यायच्या आत त्यांचं डोकं खिडकीबाहेर असतं. मग राहिले मामा, माझे सासरे.

मामांशी तोवर माझं बोलणं म्हणजे ‘चहा ठेवलाय’ आणि ‘ऱ्हाऊ दे’ एवढंच. तेही फौजेतलेच, आयुष्यभर डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवून आलेले. आता ऊस आणि दोन म्हशी. घरात शिरताना ते दारात मोठ्यानं खाकरायचे, सुनेनं पदर सावरावा म्हणून. मी बाळंतीण, दिवसभर गाऊनमध्ये. सावरायला पदरच नसायचा. तरी ते खाकरायचे आणि खाली बघत सरळ परड्यात निघून जायचे. त्या दिवशी जेवताना ताटाकडं बघतच ते म्हणाले, “म्या येतो संगं. पाय सरळ हुस्तवर येतो.”

पहिल्या खेपेला बाळाला हातांवरच नेलं. परत येताना मात्र मांडीपासून बोटांपर्यंत दोन्ही पायांना ओलं प्लास्टर. ते इतकं जड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्लास्टर दाबलं जाऊ नये म्हणून पाय अधांतरी धरायचे, मान सांभाळायची, आणि माझे टाके अजून दुखत होते. घरी आले तेव्हा माझे दंड थरथरत होते. रात्री फोनवर मी नवऱ्याला काही बोलले नाही, पण आत्या बोलल्या. चार दिवसांनी दारात एक भलं मोठं खोकं येऊन पडलं.

आत बाबागाडी होती. आडवी केली की पाळणा, पाठ उभी केली की खुर्ची, आणि मिटली की काखेत मारण्याएवढी. म्हणजे नवरा तसं म्हणाला होता. खोक्यातून निघाल्या त्या नळ्या, चाकं, पट्टे आणि इंग्रजी पुस्तिका. मामा अंगणात उकिडवे बसून सगळं बघत होते.

“ही गाडी हाय का खेकडा?” ते म्हणाले.

मी हसले. त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच हसले असेन.

मी पुस्तिका वाचून मराठीत सांगायची आणि ते करायचे. ब्रेक, चाकं, पट्टे त्यांना लगेच उमगले. घडीनं मात्र आम्हा दोघांना घाम फोडला. बसायचा भाग मागं तोंड करून असला की गाडी मिटतच नाही. तो पुढं फिरवून पाठ उभी करावी लागते. वरची टोपी मागं सारायची. मग दांडीच्या दोन्ही बाजूंची बटणं एकाच वेळी वर ओढायची, दांडी पुढं ढकलायची, की ती कमरेत वाकून खाली बसते आणि बाजूचा आकडा अडकतो. आकडा अडकला नाही, तर उचलल्यावर ती हवेतच पुन्हा उघडते. एकदा उघडली तेव्हा परड्यातली म्हैस दावं तोडायला निघाली होती.

दुसऱ्या खेपेला गाडी घेऊन निघालो. साताऱ्याच्या स्टँडवर कंडक्टरनं ती खालच्या डिकीत टाकायला लावली. सांगलीला उतरून बघतो तर तिच्यावर कुणाचं तरी कांद्याचं पोतं. टोपीची तार वाकलेली, एक चाक घासत चाललेलं. पुढच्या आठवड्याला येताना मामांनी खांद्यावर बैलाचा जुना कासरा टाकला, आणि मिटलेली गाडी एसटीच्या आत नेऊन शेवटच्या बाकड्याच्या लोखंडी दांडीला आवळून बांधली.

कंडक्टर म्हणाला, “आवं आजोबा, म्हस हाय व्हय ती बांधायला?”

“म्हसच हाय,” मामा म्हणाले. “तू ब्रेक मारायला लावलास की उधळती. डोंगरात माल बांधल्याबिगर आमी गाडी हलवत नव्हतो गड्या. मोकळा माल आपल्याच डोसक्यात येतो.”

कंडक्टरनं हात जोडले आणि तिकिटं फाडायला गेला. एका बाईनं मला सुचवलं, गाडी उघडून बाळाला तिच्यातच झोपवा की, मोकळी जागा आहे. मी विचारात पडले, कारण हात खरंच भरून आले होते. मामा म्हणाले, “न्हाई. गाडीत गाडी न्हाई. चालू एसटीत लेकरू आईच्या मांडीवरच.” मग थोड्या वेळानं, दुसरीकडं बघत, “दे हिकडं. जरा म्या घेतो.” इस्लामपूर फाट्यापर्यंत त्यांनी तिला मांडीवर घेतलं, प्लास्टरच्या पायांखाली आपली टोपी ठेवून.

सांगलीच्या दवाखान्यात दर आठवड्याला तीच माणसं भेटत. त्यात एक माझ्याच वयाची मुसलमान बाई होती. तिच्या सासरच्यांचं पेठेत बांगड्यांचं दुकान. तिच्या मुलाचा एकच पाय वळलेला होता आणि त्याची प्लास्टरं आमच्या आधी सुरू झाली होती, त्यामुळे ती मला थोरल्या बहिणीसारखं सांगायची. निघायच्या आधी घरीच कोमट पाण्यात प्लास्टर भिजवून ठेवायचं, म्हणजे काढताना बाळ कमी रडतं. लंगोट आत कसा सारायचा. रात्री रडली तर पायाची बोटं बघायची, गुलाबी आहेत का, गार तर नाहीत. हे सगळं मला तिनं शिकवलं. मामांना ती चाचा म्हणायची. तिच्या घरी गाडी नव्हती. पोराला कडेवर घेऊनच यायची. आमच्या बाबागाडीकडं बघून एकदा म्हणाली, “ताई, लय बेस हाय हो तुमची गाडी. आडवं टाकलं की पाय कसे निवांत.”

ते झालं त्या दिवशी एसटीला उशीर झाला होता. स्टँडवरून रिक्षा केली. दवाखान्याच्या दारात मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि रिक्षावाल्याला थांबायला जागा नव्हती. मी बाळाला घेऊन उतरले, मामांनी मिटलेली बाबागाडी भिंतीला टेकवली आणि पिशवी काढायला ते परत रिक्षात वाकले. बांगड्यांच्या घरची ती बाई तिथंच होती, पोरगं कडेवर. माझी ओढाताण तिनं बघितली. पुढं आली, आकडा काढला आणि मोकळ्या हातानं गाडी झटक्यात उघडली.

“ठेवा ताई तिला, तुमचा नंबर आलाय.”

गाडी नेहमीसारखी उभी दिसत होती. मी बाळाला आत ठेवलं, पट्टा लावला. मामा पिशवी घेऊन आले आणि त्यांनी दांडी धरली. पायऱ्यांशेजारी चाकांच्या खुर्चीसाठी केलेल्या चढावर कुणीतरी मोटरसायकल आडवी लावून ठेवली होती, म्हणून त्यांनी पायऱ्यांवरून न्यायचं ठरवलं आणि पुढची चाकं उचलली.

गाडी उघडताना दोन्ही बाजूंना खट् असा आवाज यावा लागतो. एकाच बाजूला आला होता. चाकं उचलल्याबरोबर ती कमरेत वाकायला लागली. माझ्या डोळ्यांसमोर दांडी आणि पायाकडचा भाग एकमेकांकडं यायला लागले आणि मधे माझी मुलगी. मामांनी पिशवी टाकली आणि डावा हात सरळ त्या सांध्यात घातला.

गाडी तिथंच अडली. मी पट्टा सोडून बाळाला उचललं. तिला काही झालं नव्हतं. ती आधी दचकली आणि मग आमच्या तोंडांकडं बघून रडायला लागली. मामांनी दुसऱ्या हातानं दांडी मागं रेटून आपला हात सोडवला आणि उपरण्यात गुंडाळला.

“मामा, लागलं?”

“काय न्हाई. चल, नंबर जायाचा.”

आत डॉक्टरांनी बाळाचं दुपटं उलगडलं आणि ते थांबले. दुपट्यावर रक्त होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आम्ही तिचं झबलं काढलं, मान, पाठ, हात सगळं बघितलं. कुठंच काही नव्हतं. तेवढ्यात मागून मामा खाकरले, घरात शिरताना खाकरतात तसंच.

“सायेब, त्ये माझं हाय.”

उपरणं लाल झालं होतं. मधलं बोट टोकाकडं चेंगरलं होतं, नख अर्धं निघालेलं.

“अहो, मग आधी बोलायचं ना!” डॉक्टर चिडून म्हणाले.

“आदी तिचं हूं द्या म्हनलं. आमचं काय पळून जातंय?”

बाळाच्या पायांना नवं प्लास्टर पडलं आणि मग मामांच्या बोटाला टाके घालून त्यांच्या हातालाही. हाड मोडलं होतं. नर्स म्हणाली, आजोबा, आता नात आणि तुम्ही जोडीनं. मामा हसले, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांना बसवून मी पाणी दिलं, आणि ते माझ्या हातानंच प्यायले.

दारात ती बाई उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. “मीच उघडली, ताई,” ती म्हणाली. “माझ्या हातनं झालं.” आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला राग आला होता, पण तो कुणावर करावा ते कळत नव्हतं. उघडली तिनं, बाळ ठेवलं मी, पायरीवर उचलली मामांनी, आणि चढावर मोटरसायकल लावणारा तर कधीच निघून गेला होता. मी बाळाला घेऊन तिच्या शेजारून बाहेर गेले.

भावाला फोन केला तसा तो कामावरून सुटून आम्हाला गावी पोचवायला आला. त्याची गाडी लहान, डिकीत गॅसची टाकी. त्यानं बाबागाडी मागच्या सीटवर बाळाशेजारी ठेवायला उचलली, तर प्लास्टरचा हात छातीशी धरलेले मामा पुढं झाले. “तितं नगं, पाव्हणं. चाकं निगत्यात तिची.” मग भावानं चाकं काढली, सांगाडा पुढच्या सीटच्या पाठीमागं खाली घट्ट सरकवला, चाकं पिशवीत घालून पायाशी. मामांनी पायानं ढकलून बघितलं. हलत नाही म्हटल्यावर ते गाडीत बसले.

घरी आत्यांनी मामांचा हात बघितला आणि त्या बाबागाडीलाच शिव्या घालायला लागल्या. ती नेऊन उसात टाका म्हणाल्या. मलाही तेच वाटत होतं. मामा म्हणाले, “तिची काय चूक? आपल्याला तिची सवय न्हाई, एवढंच.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी परड्यातला एक लाल भोपळा आणून गाडीत ठेवला आणि मला हाक मारली. तो आठवडाभर आम्ही त्या भोपळ्याला फिरवला. उघडायची, दोन्हीकडचं खट् ऐकायचं, मग रिकाम्या गाडीवर तळहातानं दाब देऊन बघायचं, ब्रेक लावायचा, आणि त्यानंतरच भोपळा. मिटताना आधी भोपळा आत्यांच्या मांडीवर, मग बाकीचं. आत्या म्हणायच्या, “आता ह्येला दूद बी पाजू का?” पायरी आली की भोपळा काढून घ्यायचा, गाडी रिकामी उचलायची, हा नियम मामांनीच केला आणि तो करताना आपल्या हाताकडं बघितलं. त्यांचा एक हात कामाचा नव्हता, म्हणून घडीचं सगळं माझ्याकडं आलं. ते शेजारी उभे राहून फक्त विचारायचे, “आलं का दोनीकडनं?”

पुढच्या आठवड्याला दवाखान्यात गेलो तर ती बाई समोरच्या बाकावर, पार कोपऱ्यात बसलेली. आमच्याकडं बघेना. मीही उठले नाही. मामा थोडा वेळ बसले आणि मग तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“काय गं पोरी, चाचाला इसरलीस व्हय?”

ती उठून उभी राहिली. “चाचा, मला झोप न्हाई आठ दिवस.”

“मला बी न्हाई. बोट ठणकतंय.” ती पुन्हा रडवेली झाली तसे ते घाईनं म्हणाले, “आगं, चेष्टा केली. हिकडं ये. ती गाडी उगड.”

“न्हाई चाचा. मी हात न्हाई लावणार तिला.”

“म्हनून तर सांगतोय. एका हातानं उगडाय गेलीस, पोरगं कडंवर हुतं, म्हनून एकच बाजू बसली. तुझं पोरगं दे माज्याकडं. आता दोन हातानं उगड.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मामा बाकावर टेकले; मी उठले, तिच्या मुलाला त्यांच्या मांडीवर बसवलं, आणि तिच्या शेजारी गाडीपाशी उभी राहिले. आकडा निघाला, दांडी वर आली. खट्. मग, जरा दाबल्यावर, दुसरीकडून खट्. बाकावरची सगळी माणसं बघत होती.

“आता रेटून बग,” मामा म्हणाले.

तिनं दोन्ही तळहातांनी दाब दिला. गाडी हलली नाही.

“आता तुझं पोरगं ठेव तिच्यात.”

तिनं मुलाला आत ठेवलं. तो पहिल्यांदाच अशा गाडीत बसला असावा. प्लास्टरचा पाय वर करून त्यानं सगळ्यांना दाखवला. मामांनी एका हातानं त्याला दवाखान्याच्या लांबलचक बोळातून फिरवून आणलं, नंबर येईपर्यंत. ती आणि मी बाकावर शेजारी बसलो. तिनं डब्यातून शिरा काढला. आम्ही एकाच चमच्यानं खाल्ला, आणि त्या दिवसानंतर त्या गोष्टीवर आमच्यात कधी बोलणं झालं नाही. बोळातून मुलाच्या हसण्याचा आवाज यायचा तेव्हा मात्र ती मान वळवून बघायची.

प्लास्टरं संपली. टाचेमागची शीर डॉक्टरांनी किंचित मोकळी केली, शेवटचं प्लास्टर जरा जास्त दिवस राहिलं, आणि मग बूट आले, एका पट्टीनं एकमेकांना जोडलेले. ते घालून ती गाडीच्या पाळण्यात आडवी मावेना, तेव्हा आम्ही गाडीची खुर्ची केली. मामांच्या हातावरचंही निघालं. बोट टोकाला थोडं वाकडंच राहिलं, म्हशीची धार काढताना त्यांना ते अजून जाणवतं.

बाळाचं शेवटचं प्लास्टर निघालं त्या खेपेला परत येताना ते माझ्या मांडीवर झोपलं होतं. कराड मागं पडलं होतं. मामा खिडकीतून उसाकडं बघत बसले होते. एकाएकी म्हणाले, “तुझा नवरा कवा चालाय लागला, मला ठावं न्हाई.”

मी त्यांच्याकडं वळले.

“म्या लडाखला हुतो. आलो तवा पळत हुता दारात. माज्याकडं बगून घरात पळाला, आईच्या मागं लपला. वळखलंच न्हाई मला.” मग बाळाकडं बघत म्हणाले, “आता त्यो तितं हाय. त्येच्या लेकीचं त्येला बी बगाय मिळंना. म्हनून म्हनलं, आपुन तर जाऊ.”

मी बाळाला उचलून त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.

मुलगी चालली ती इतर मुलांपेक्षा उशिरा. मामा तेव्हा उसाला पाणी द्यायला गेले होते. ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. खांब सोडला आणि तीन-चार पावलं टाकून आत्यांच्या अंगावर पडली. आत्या आनंदानं ओरडल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, “ह्येंनी बगाय पायजे हुतं गं.” पहिली पावलं आधीच पडली हे मामांना सांगायचं की नाही, यावर आमचं थोडं कुजबुजून झालं. शेवटी मी मळ्याकडं चालत गेले आणि बांधावरून सांगितलं. खोटं बोलायला जमलं नसतं मला.

मामांनी पाण्याची दारं तशीच सोडली. चिखलाच्या पायांनी आले आणि ओसरीवर, पुन्हा खांबाला धरून उभ्या असलेल्या तिच्यापासून चार हातांवर मांडी घालून बसले. “ये,” म्हणाले. “ये बग माज्याकडं.” हात पसरले. ती त्यांच्याकडं बघून हसली. खांब सोडला. एक पाऊल, दुसरं, अगदी सपाट, पूर्ण टाच टेकवून. ती त्यांच्या हातांपर्यंत आली, आणि मग परड्यात म्हशीचं रेडकू ओरडलं तशी मामांना वळसा घालून तिकडं चालू लागली.

मला वाटलं, आता यांना वाईट वाटणार. मामा बसल्या जागी मागं वळले होते, हात अजून पसरलेलेच.

“बगितलंस का पोरी?” ते मला म्हणाले. “वळली बी! वळाय बी येतंय तिला!”